वजूचे पाणी झाडांपर्यंत : मशिदींसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

मशिदीतून जेवढे सांडपाणी बाहेर पडते, त्यात वजूचे, म्हणजे नमाजेआधी हात-पाय-तोंड धुण्याचे, पाणी सर्वांत स्वच्छ असते. नमाजीने त्यात हात धुतलेले असतात, चूळ भरलेली असते, नाक, चेहरा आणि कोपरापर्यंतचे हात धुतलेले असतात, शेवटी पाय धुतलेले असतात. त्यात बहुधा साबण नसतो, स्वयंपाकघरातील तेलकटपणा नसतो, आणि मळ म्हणावा तर तो मुख्यतः पायांची धूळ असते. असे असूनही अनेक मशिदींत हे पाणी दहा पावलांवर शौचालयाच्या पाण्यात मिसळते आणि गटारात जाते. मराठवाड्यासारख्या भागात त्याच मशिदीच्या अंगणातील कडुलिंबासाठी एप्रिल-मे महिन्यांत टँकरचे पाणी विकत घ्यावे लागते, ही गोष्ट मनाला लागणारी आहे.

ज्यांनी हे काम यापूर्वी केलेले नाही, अशा विश्वस्तांसाठी, मशिदीचा कारभार पाहणाऱ्या मुतवल्लींसाठी आणि मोहल्ल्यातील उत्साही तरुणांसाठी हा लेख आहे. माझे मत आरंभीच स्पष्ट करतो : हे काम यंत्रविक्रेत्यापेक्षा गवंडी आणि प्लंबर यांचे अधिक आहे. पहिल्याच बैठकीत ‘कोणता फिल्टर घ्यायचा?’ असा प्रश्न निघतो, परंतु त्याआधी कोणत्या मोरीचे पाणी कुठून कुठे जाते, हे शोधावे लागते. शौचालयाच्या पाण्यापासून वेगळे काढलेले वजूचे पाणी चोवीस तासांच्या आत झाडाच्या मुळाशी पोहोचले, तर त्यावर फारच थोडी प्रक्रिया पुरते. एकदा मिसळलेले किंवा दोन-तीन दिवस टाकीत पडून राहिलेले पाणी मात्र महागड्या यंत्रालाही सहज आवरत नाही.

आधी इमामसाहेबांशी आणि जमातीशी बोलावे

खोदकाम सुरू होण्यापूर्वी धार्मिक प्रश्नाचे उत्तर सर्वांसमोर मिळालेले असावे, नाहीतर काम पूर्ण झाल्यानंतर एखाद्या ज्येष्ठाच्या मनात शंका उरते आणि व्यवस्था बंद पडते. वजूत एकदा वापरलेले पाणी स्वतः पाक (शुद्ध) असते, परंतु त्याने पुन्हा वजू करता येत नाही, असे हनफी फिकहमध्ये (हनफी परंपरेच्या धर्मशास्त्रात) सर्वमान्य मत आहे. कोकणातील बहुसंख्य मुसलमान शाफई मताचे आहेत. त्यांच्याकडेही अशा थोड्या प्रमाणातील वापरलेल्या पाण्याविषयी निष्कर्ष हाच निघतो. झाडांना पाणी घालताना ते पाणी पुन्हा वजूसाठी चालेल की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही, त्यामुळे दोन्ही मतांनुसार अडचण राहत नाही. यापेक्षा कितीतरी अवघड प्रश्न, म्हणजे नापाक झालेल्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून रंग, चव आणि वास पूर्ववत झाला तर ते पाक मानावे का, हा सौदी अरेबियातील ज्येष्ठ उलेमांच्या परिषदेपुढे आला होता, आणि १९७८ मध्ये परिषदेने त्याला अनुकूल निर्णय दिला. आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांनी जुम्म्याच्या बयानात हा विषय पाच मिनिटे मांडला, तर पुढची निम्मी चर्चा वाचते.

ही कल्पना नवीन नाही, हेही जमातीला सांगावे. ओमानमध्ये सुलतान काबूस विद्यापीठाच्या संशोधकांनी वजूच्या पाण्यासाठी गाळणी, सक्रिय कोळसा आणि क्लोरीन यांची छोटी व्यवस्था बांधून ते पाणी मशिदीच्या बागेला देऊन पाहिले. इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे २०१९ मध्ये खुल्या झालेल्या मशिदीत वापरलेले पाणी आणि पावसाचे पाणी साठवून ते शौचालयाच्या फ्लशसाठी व आवारातील झाडांसाठी वापरले जाते. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेले पाणी आधी जाते फिरवीत असे आणि मग हौदात जात असे. एका पाण्याकडून दोन कामे करून घेण्याची समज या भूमीत किती जुनी आहे, हे तिथे उभे राहिल्यावर कळते.

मशिदीची जागा वक्फ, म्हणजे धर्मकार्यासाठी कायमची दिलेली, मालमत्ता असल्यामुळे फरशी फोडणे, अंगणात खड्डा घेणे, शेजारच्या जागेत नळ नेणे यांचा ठराव विश्वस्तांच्या बैठकीत लेखी करून घ्यावा. महिलांसाठी वजूची वेगळी जागा असेल तर त्या बाजूचे म्हणणेही याच वेळी ऐकावे, कारण ती मोरी अनेकदा इमारतीच्या दुसऱ्या अंगाला असते आणि नकाशात विसरली जाते.

नळापाशी बचत, मगच मोजणी

वापरलेले पाणी झाडांना जाणार आहे, म्हणून नळ सोडून ठेवला तरी चालेल, असा समज पसरू देऊ नये. प्रेषितांनी एका मुद्द पाण्यात वजू केल्याचे हदीसमध्ये आहे. हे माप आजच्या हिशेबाने पाऊण ते एक लिटर भरते. पूर्ण उघडा नळ मात्र एका मिनिटात सहा ते दहा लिटर पाणी सोडतो. म्हणून पहिला खर्च नळांवर करावा : गळक्या नळांचे वॉशर बदलावेत, आत येणाऱ्या पाण्याची चावी थोडी आवळून दाब कमी करावा, शक्य असेल तिथे दाबून सोडायचे, आपोआप बंद होणारे नळ बसवावेत, आणि ज्यांना लोट्याने वजू करायची सवय आहे त्यांच्यासाठी लोटे ठेवावेत. नळापाशी वाचलेले पाणी पिण्यायोग्यच राहते, आणि ते वर खेचण्यासाठी लागणारी वीजही वाचते. उरलेल्या पाण्याची व्यवस्था लहान झाली की खड्डाही लहान लागतो आणि खर्चही.

त्यानंतर मोजणी करावी. नमाजींची संख्या गुणिले पाच वक्त असा हिशेब चुकीचा ठरतो, कारण अनेक जण घरून वजू करून येतात, आणि एकदा केलेली वजू पुढच्या नमाजेपर्यंत टिकू शकते. मोरीचे तोंड जिथे बाहेर पडते तिथे खाली मोठे टब ठेवून फज्रपासून (पहाटेच्या नमाजेपासून) इशापर्यंत (रात्रीच्या नमाजेपर्यंत) प्रत्येक वेळी किती भरले ते वहीत लिहावे. तोंड सापडत नसेल तर वजूखान्याला पाणी पुरवणाऱ्या टाकीची पातळी सकाळी व रात्री मोजावी. एक साधा दिवस, एक शुक्रवार आणि शक्य झाल्यास रमजानमधील एक संध्याकाळ, एवढ्या नोंदी असल्याच पाहिजेत. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. आज तो थंडीत असला तरी पुढे कधीतरी पावसाळ्यात येणार आहे, म्हणजे पाणी सर्वाधिक आणि झाडांची गरज सर्वांत कमी असाही काळ येईल. व्यवस्थेत जादा पाणी बाहेर काढून देणारा मार्ग यासाठीच लागतो.

पुढील सर्व आकडे समजण्यास सोपे जावेत म्हणून एक मशीद डोळ्यांपुढे ठेवू. तिथे रोज २०० वजू होतात आणि प्रत्येक वजूला सरासरी ४ लिटर पाणी लागते. म्हणजे दिवसाला ८०० लिटर. शुक्रवारी दुपारी यात आणखी २५० वजूंची भर पडते, म्हणजे सुमारे १,००० लिटर पाणी अर्ध्या तासात येते. नळाचा व्यास आणि पहिल्या चेंबरचे माप या अर्ध्या तासावरून ठरवावे, कारण रोजच्या सरासरीवरून ठरवले तर शुक्रवारी वजूखान्यात घोट्यापर्यंत पाणी तुंबते आणि लोकांचा व्यवस्थेवरचा विश्वास पहिल्याच आठवड्यात उडतो.

पाणी वेगळे काढणे

सगळ्या कामात हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा असल्यामुळे त्यावर अधिक वेळ द्यावा. जुन्या इमारतींचे नकाशे मिळत नाहीत आणि मिळाले तरी नंतर झालेले बदल त्यात नसतात. यासाठी रंगाची परीक्षा करावी. बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवून ती वजूखान्याच्या मोरीत ओतावी आणि बाहेरची सगळी चेंबरे उघडून नीळ कुठे प्रकटते ते पाहावे. मग तीच परीक्षा मुतारी, शौचकूप आणि हात धुण्याचे बेसिन यांच्यासाठी वेगवेगळ्या वेळी करावी. तिन्ही-चारही प्रवाह कागदावर रेखाटले की कुठे फोडायचे हे गवंड्याला सांगता येते, आणि अनावश्यक फरशी फुटत नाही.

शौचालय, मुतारी आणि तहारतखान्याचे (शौचानंतर धुण्याच्या जागेचे) पाणी कोणत्याही परिस्थितीत या व्यवस्थेत येऊ नये. धर्माच्या दृष्टीने त्यात नजासत (अशुद्धता) असते आणि आरोग्याच्या दृष्टीने रोगजंतू. दोन्ही बाजूंनी निष्कर्ष एकच आहे. मय्यतीच्या गुस्लचे (मृतदेहाला घातलेल्या स्नानाचे) पाणीही या मार्गाला जोडू नये. साबण ठेवलेल्या बेसिनचे पाणीही सुरुवातीला बाहेरच ठेवावे असे मी सुचवेन, कारण साबणातील सोडियम हळूहळू मातीत साठतो आणि काळी माती त्यामुळे अधिकच चिकट होते. जिथे दोन्ही नळ एकाच चेंबरमध्ये पडत असतील, तिथे त्या चेंबरच्या अलीकडे वजूच्या पाण्याचा नळ तोडून त्याला स्वतंत्र वाट द्यावी. गटार तुंबल्यावर घाण पाणी उलटे वर चढते, म्हणून नव्या नळाचा आणि जुन्या चेंबरचा संबंध फक्त जादा पाणी सोडण्यापुरता असावा, आणि तोही वरच्या पातळीवरून खाली पडणारा असावा.

ज्या मशिदींत जुना हौद आहे, त्यांचे काम निम्म्याने हलके असते. हनफी मताप्रमाणे दहा हात गुणिले दहा हात, म्हणजे सुमारे २२५ चौरस फुटांचा हौद मोठे पाणी मानला जातो, आणि लोक त्याच्या काठावर बसून थेट त्यातूनच पाणी घेतात. अशा हौदाभोवती पाय धुतलेले पाणी वाहून जाण्यासाठी दगडी नाली असते, म्हणजे जुन्या कारागिरांनी वापरलेले पाणी वेगळे काढूनच ठेवलेले आहे. नालीचे शेवटचे टोक शोधून ते बागेकडे वळवले की झाले. नालीत नंतर कोणी शौचालयाचा किंवा गच्चीचा नळ सोडला आहे का, हे मात्र निळीच्या परीक्षेने पाहावेच.

नळ तीन इंची असला तरी चालतो, पण शुक्रवारच्या गर्दीसाठी चार इंची पीव्हीसी नळ घेतलेला बरा. दर पाच फुटांना एक इंच उतार द्यावा आणि वळणांवर काटकोनी जोड न वापरता तिरके जोड वापरावेत, म्हणजे गाळ अडकत नाही.

गाळ अडवणे आणि पाणी वळवणे

वजूखान्याच्या बाहेर लगेच दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल असे विटांचे चेंबर बांधावे आणि आतून गुळगुळीत प्लास्टर करावे. पाणी आत येणारा नळ वर आणि बाहेर जाणारा नळ तळापासून सुमारे एक फूट उंचीवर ठेवावा. पायांची माती खाली बसते आणि वरचे पाणी पुढे जाते. आत येणाऱ्या तोंडाशी काढता येईल अशी स्टीलची जाळी बसवावी. तिच्यावर दाढीचे केस, मिसवाकाचे तंतू, टिश्यू, क्वचित प्लास्टिकची पुडी असे सगळे अडकते. ही जाळी रोज साफ झाली नाही तर पुढची कोणतीही गाळणी टिकत नाही, त्यामुळे ती अशा जागी असावी की मुअज्जिन (अजान देणारे) किंवा खादिम (मशिदीचे सेवक) यांना वाकून एका हाताने उचलता येईल.

या चेंबरनंतर दोन चाव्या बसवाव्यात : एक बागेकडे आणि एक गटाराकडे किंवा शोषखड्ड्याकडे. ज्या दिवशी वजूखाना ॲसिड, फिनाईल किंवा ब्लीचिंग पावडरने धुतला जाईल, त्या दिवशी बागेची चावी बंद आणि दुसरी उघडी राहील. चाव्यांवर रंग द्यावा आणि भिंतीवर उर्दू व मराठी दोन्ही लिप्यांत कोणती कधी उघडायची ते लिहावे. छान वाढलेली कर्दळ एका सकाळच्या ॲसिडने जळून जाते, आणि ती का जळाली याचा शोध नंतर लागत नाही.

मशीद लहान असेल, अंगण वजूखान्यापेक्षा थोडे खालच्या पातळीवर असेल आणि दिवसाचे पाणी तीन-चारशे लिटरांच्या आत असेल, तर इथून पुढे काहीही बांधू नये. नळाला फाटे फोडून पाणी थेट झाडांच्या आळ्यांत सोडावे. प्रत्येक आळे खोडापासून दीड-दोन फूट अंतरावर वर्तुळाकार खणावे, खोडाशी मातीचा उंचवटा ठेवावा आणि आळ्यात वाळलेला पाला, उसाचे पाचट किंवा नारळाची सोडणे यांचे चार-सहा इंचांचे आच्छादन करावे. पाणी आच्छादनाखाली पडते, वास येत नाही, डास होत नाहीत, आणि मातीतील जिवाणू उरलेला मळ पचवून टाकतात. पंप नाही, वीज नाही, टाकी नाही. नवख्या समितीने पहिल्या वर्षी एवढेच करावे असा माझा आग्रह आहे. ते नीट चालले तर पुढचा विचार करता येतो.

पाणी जास्त असेल तर कर्दळीचा वाफा

आपल्या उदाहरणातील ८०० लिटरांसाठी किंवा पाणी लांब न्यायचे असेल तेव्हा खडी आणि कर्दळ यांचा वाफा उपयोगी पडतो. पाणी त्यात सुमारे एक दिवस मुरत पुढे सरकावे, अशी त्याची रचना असते. खडीमधली पोकळी साधारण ४० टक्के धरली, तर ८०० लिटर पाणी मावण्यासाठी २,००० लिटर, म्हणजे जवळपास ७० घनफूट खडी लागते. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद आणि दोन फूट खोल वाफा या मापात बरोबर बसतो. लांबी रुंदीच्या दुप्पट-तिप्पट असावी, म्हणजे पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरळ धावत सुटत नाही.

वाफ्याचा तळ विटा-सिमेंटचा किंवा जाड प्लास्टिकच्या ताडपत्रीचा करावा आणि बाहेर पडणाऱ्या टोकाकडे किंचित उतार द्यावा. पाणी आत येते तिथे आणि बाहेर जाते तिथे दीड-दोन फूट पट्ट्यात मोठी, ४० मिलिमीटरची खडी भरावी. मधल्या भागात १० ते २० मिलिमीटरची, चांगली धुतलेली खडी भरावी. धुतल्याशिवाय खडी टाकली तर तिच्यावरची भुकटी पहिल्या महिन्यातच वाफा बुजवते. बाहेर जाणारा नळ अशा उंचीवर ठेवावा की पाणी खडीच्या पृष्ठभागाच्या दोन-तीन इंच खाली राहील. वर पाणी दिसू लागले की डास आलेच. कर्दळ एक-एक फुटावर लावावी. कोकणात अळू आणि देशावर वाळा किंवा लव्हाळाही चालतो. पहिले दोन महिने झाडे मूळ धरेपर्यंत पाणी फार स्वच्छ दिसत नाही, त्याने खचून जाऊ नये.

शुक्रवारचे जादा १,००० लिटर या वाफ्याला एकदम झेपत नाहीत. त्यासाठी गाळाच्या चेंबरनंतर जमिनीतली किंवा सावलीतली ५०० ते १,००० लिटरची झाकणाची टाकी ठेवून तिच्या तळाला अर्धा इंची चावी बसवावी आणि पाणी वाफ्यात बारीक धारेने दिवसभर सोडावे. टाकी भरली की वरच्या नळाने जादा पाणी गटारात निघून जावे. सगळेच वाचवण्याच्या हट्टापायी टाक्या वाढवत नेणे टाळावे, कारण साठवलेले पाणी दुसऱ्या दिवसापासून कुजू लागते, आणि एकदा मशिदीच्या आवारात दुर्गंधी पसरली की या कामाला पुन्हा पाठिंबा मिळवणे कठीण होते.

वाफ्यातून आलेले पाणी छोट्या टाकीत घेऊन अर्ध्या अश्वशक्तीच्या पंपाने, फ्लोट स्विच लावून, झाडांना देता येते. ठिबकचे बारीक ड्रीपर या पाण्याने तुंबतात; त्याऐवजी डिस्क फिल्टर लावून जाड मायक्रोट्यूब वापराव्यात आणि महिन्यातून एकदा लॅटरलची (झाडांच्या रांगेतून जाणाऱ्या नळ्यांची) शेवटची टोके उघडून धुवावीत. तुषार सिंचन करू नये. फवाऱ्यातून उडणारे बारीक थेंब नमाजींच्या अंगावर आणि श्वासात जातात, आणि त्यासाठी लागणारी जंतुनाशक प्रक्रिया या साध्या व्यवस्थेत नाही.

कोणती झाडे, किती पाणी

दोन-तीन वर्षांच्या झाडाला उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा २० ते ३० लिटर पाणी पुरते. पूर्ण वाढलेल्या नारळाला रोज ४० ते ५० लिटर लागते. हिरवळीला दर चौरस मीटरला रोज पाच लिटरांच्या आसपास. या हिशेबाने ८०० लिटरांत शंभराच्या आसपास तरुण झाडे जगू शकतात. अनेक मशिदींत पाणी पुरेल की नाही याची चिंता केली जाते. प्रत्यक्षात झाडेच कमी पडतात.

कडुलिंब, करंज, नारळ, चिकू, पेरू, लिंबू, डाळिंब, कण्हेर, जास्वंद, मोगरा आणि मेंदी यांना हे पाणी निःशंकपणे द्यावे. पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या किंवा जमिनीला टेकणाऱ्या भाज्यांना देऊ नये. चूळ आणि नाक धुतलेल्या पाण्यात जंतू असू शकतात. फळे जमिनीवर पडलेली न घेता झाडावरूनच तोडावीत आणि धुऊन वाटावीत.

माती कशी आहे यावर पुष्कळ अवलंबून असते. मुरमाड जमिनीत पाणी लगेच उतरते, तिथे थोडे थोडे पण वारंवार द्यावे. काळ्या जमिनीत रोज पाणी सोडले तर मुळे गुदमरतात आणि पाने पिवळी पडतात. अशा ठिकाणी झाडांचे तीन गट करून प्रत्येक गटाला आळीपाळीने पाणी द्यावे आणि आळ्यात बोटभर खाली माती ओली असेल तर तो दिवस टाळावा. वजूमुळे पाण्यातील क्षार वाढत नाहीत, परंतु मुळात बोअरवेलचेच पाणी मचूळ असेल तर तेच क्षार झाडांना मिळतात. वर्षातून एकदा पाणी आणि माती यांची तपासणी करून घ्यावी, आणि पावसाळ्यात पहिले दोन मोठे पाऊस आळ्यांत भरपूर मुरू द्यावेत, म्हणजे साठलेले क्षार खाली धुऊन जातात.

रोजची निगा

जाळी रोज, गाळाचे चेंबर महिन्यातून एकदा, वाफ्यातील वाळलेली पाने दर पंधरवड्याला, आणि वाफ्याच्या तोंडाशी असलेली मोठी खडी वर्षा-दोन वर्षांतून एकदा काढून धुवावी. ही कामे ‘सगळ्यांनी मिळून’ करायची ठरली तर कोणीच करत नाही. एका व्यक्तीचे नाव ठरवावे, तिला त्यासाठी मानधन द्यावे, आणि ती रजेवर असेल तेव्हाचे दुसरे नावही लिहून ठेवावे. खादिमच्या आधीच भरलेल्या दिवसात हे आणखी एक फुकटचे काम म्हणून टाकणे अन्यायाचे आहे.

वजूखान्यात गुटखा किंवा पान थुंकू नये, तिथे साबणाने कपडे किंवा भांडी धुऊ नयेत, या दोन सूचना ठळक लावाव्यात. बागेतील प्रत्येक नळावर ‘हे पाणी पिण्याचे किंवा वजूचे नाही’ असे लिहावे आणि त्याची मूठ काढून ठेवावी, कारण मदरशातील मुले खेळून आल्यावर दिसेल त्या नळाला तोंड लावतात. स्वच्छ पाण्याच्या टाकीचा आणि या नळांचा जोड कुठेही, तात्पुरत्या सोयीसाठीसुद्धा, देऊ नये.

डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याची पिढी तयार होते. म्हणून प्रत्येक टाकीला घट्ट झाकण आणि हवेच्या नळीला बारीक जाळी असावी, आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून टाकी पूर्ण रिकामी करावी. उघड्या हौदात गप्पी मासे सोडता येतात. त्यासाठी स्थानिक आरोग्य केंद्रात विचारणा करावी.

पाण्याला कुजका वास आला तर क्रमाने तपासावे : जाळीवर कचरा साठला आहे का, चेंबरचा गाळ बाहेर जाणाऱ्या नळापर्यंत आला आहे का, टाकीत पाणी चोवीस तासांहून अधिक राहिले आहे का. तिन्ही ठीक असतील आणि तरीही वास येत असेल, तर शौचालयाचे पाणी कुठून तरी मिसळत असण्याची शक्यता धरून बागेची चावी त्याच क्षणी बंद करावी आणि निळीची परीक्षा पुन्हा करावी.

जूनमध्ये पाऊस स्थिरावला की बागेची चावी बंद करून पाणी शोषखड्ड्याकडे वळवावे. हा खड्डा विहिरीपासून किंवा बोअरवेलपासून किमान पन्नास फूट दूर असावा, आणि काळी जमीन असेल तर मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा, नाहीतर पाणी वरच तुंबून राहील. पावसाने दोन आठवडे ओढ दिली तर चावी पुन्हा बागेकडे फिरवता येते.

अंगणच नसेल तर

शहरांच्या जुन्या वस्त्यांत मशिदीभोवती हातभर जागाही नसते. अशा वेळी रस्त्याकडेची झाडे, जवळचे कब्रस्तान, शेजारची शाळा किंवा नगरपालिकेची बाग यांपैकी कोण हे पाणी घेईल ते आधी ठरवावे आणि मगच नळकाम करावे. कब्रस्तानात कडुलिंब आणि करंज यांच्या रांगांना हे पाणी फार उपयोगी पडते. रस्त्यापलीकडे नळ नेण्यासाठी पालिकेची परवानगी लागते. ती मिळेपर्यंत टाकीला चावी बसवून, ठरावीक वेळी हातगाड्यावरच्या पिंपांनी पाणी नेण्याची व्यवस्था करता येते. घेणाऱ्याला हे पाणी कशाचे आहे, कशाला चालते आणि कशाला चालत नाही, हे लेखी द्यावे, आणि त्याच्याकडचा माणूस किती वाजता येणार हे मुअज्जिनच्या वहीत नोंदवून ठेवावे. टाकी जोहरनंतर (दुपारच्या नमाजेनंतर) रिकामी झाली तर असर, मगरीब आणि इशाचे पाणी तिच्यात मावते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ती पुन्हा रिकामी करता येते.